परतलेल्या हाताचा रियाज

झाडीपट्टीतला कलावंत दर वर्षी नव्याने सुरुवात करतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात नाटकांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास उघडतो आणि होळीच्या आसपास मिटतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं मुख्य ठाणं. तिथल्या मंडळ्या गावोगाव रात्र-रात्र प्रयोग करतात आणि वादक तिथेच बसून नाटकातली पदं जिवंत वाजवतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी याच रंगभूमीवर शेकडो भूमिका केल्या. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण पाऊस पडला की यातले कितीतरी हात रोवणीच्या चिखलात जातात आणि वाद्यं खुंटीला राहतात. धान घरात आलं की तालमी सुरू होतात. पहिले काही दिवस बोटं जड असतात, सूर हलतो, जुनी जागा सापडत नाही. मग ती सापडते. याला इथे कोणी अपयश म्हणत नाही.

व्हायोलिनच्या बाबतीत मात्र आपण वेगळाच न्याय लावतो. ‘लहानपणी शिकलो होतो, आता काय उपयोग’ हे वाक्य शाळेत व्हायोलिन शिकून पुढे नोकरी, शेती, संसार यांत गुंतलेल्या माणसाच्या तोंडी सर्रास ऐकू येतं. या वाद्याभोवती अशी समजूत तयार झाली आहे की ते पाचव्या-सहाव्या वर्षी हाती घ्यावं, रोज चार तास वाजवावं आणि एकदा सुटलं की सुटलं. हे प्रकरण त्या समजुतीच्या विरोधात आहे. वय कितीही असो, खंड कितीही मोठा असो, परत रियाजाला बसलेल्या माणसाची वाढ होते. तिचा वेग आणि रस्ता वेगळा असतो, आणि तो रस्ता समजून घेतला तर निम्मी निराशा टळते.

गज इथे परका नाही

तारेवर गज फिरवून सूर काढण्याची कला झाडीपट्टीच्या जंगलात व्हायोलिनच्या आधीपासून आहे. राजगोंडांचे परंपरागत गायक असलेले परधान किंगरी वाजवतात. तीन तारांचं हे गजाचं वाद्य गोंड देवतांच्या आणि कुळांच्या कथा गाताना साथीला असतं. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या राजगोंडांबद्दल लिहिताना या परधान गायकांची आणि त्यांच्या वाद्याची नोंद केली. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुऱ्याचा भाग तेव्हा त्याच आदिलाबादेत होता. किंगरी गळ्याच्या मागोमाग चालते, गाणाऱ्याचा शब्द संपतो तिथे त्याचा सूर धरून ठेवते.

व्हायोलिनने भारतात येऊन नेमकं हेच केलं. बाळुस्वामी दीक्षितर (१७८६-१८५९) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासेत ते कर्नाटक संगीतात आणलं. पुढे वादक मांडी घालून बसला, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्याजवळ टेकवलं, आणि डावा हात वाद्य सांभाळण्याच्या कामातून सुटून तारेवर हवा तसा घसरू लागला. मींड, गमक, श्रुतीचा हलका झोका या सगळ्याला वाट मिळाली. उत्तरेकडे आणि महाराष्ट्रात गजाननराव जोशी, विष्णू गोविंद जोग, श्रीधर पार्सेकर, दा. के. दातार यांनी या वाद्याला मैफलीत स्वतंत्र स्थान दिलं. प्रभाकर जोग यांच्या हाती ते भावगीतं ‘गाऊ’ लागलं. तेव्हा गडचिरोलीत कोणी व्हायोलिन घेऊन बसला तर तो परदेशी छंद करत नाही. गळ्यामागे गज चालवण्याची जी रीत या मातीत होती, तिच्याच जवळ तो बसलेला असतो.

कान पुढे, हात मागे

वीस-पंचवीस वर्षांनी गज हातात घेतला की पहिली भावना बहुधा लाजेची असते. ‘मी पूर्वी याहून बरं वाजवायचो’ असं वाटतं. यातला अर्धा भाग खरा आहे: बोटांची चपळाई गेलेली असते, गज थरथरतो. पण दुसरा अर्धा भाग फसवा आहे. विसाव्या वर्षी वाजवलेल्या यमनचं ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळालं, तर बहुतेकांना तो यमन आठवणीइतका सुरेल वाटणार नाही. मधल्या वर्षांत हात थांबला होता, कान थांबला नव्हता. रेडिओवरच्या मैफली, घरात वाजणारी नाट्यपदं, गावातली भजनं, रात्रीची नाटकं यांतून कानाने शिकणं चालूच ठेवलं. म्हणून परतलेल्या माणसाला स्वतःच्या चुका लहानपणापेक्षा अधिक स्पष्ट ऐकू येतात.

हे अंतर म्हणजेच परतलेल्या वादकाचं भांडवल. मुलाला गंधार चढा लागला हे गुरुजींना सांगावं लागतं. मोठ्या माणसाला ते स्वतःलाच ऐकू येतं आणि बोचतं. जे बोचतं ते दुरुस्त करता येतं. पुढची सगळी मेहनत एकाच दिशेने करायची आहे: पुढे गेलेल्या कानापर्यंत मागे राहिलेला हात नेऊन पोचवायचा.

खंडानंतर काय शिल्लक असतं

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणावरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो स्वतः पाठ करायचा, विसरायचा आणि पुन्हा पाठ करायचा. यादीतलं काहीही आठवत नसलं तरी ती दुसऱ्यांदा पाठ करायला कमी वेळ लागतो, हे त्याला आढळलं. विसरलेलं पुसलं जात नाही, त्याची वाट बुजते. चालायला लागलं की ती लवकर मोकळी होते. अक्षरांबद्दलचं हे निरीक्षण हाताच्या कामालाही लागू पडतं, हे सायकलपासून शिलाई मशीनपर्यंत आपण रोज पाहतो.

लवकर सुरुवातीचा फायदाही नाकारू नये. १९९५ साली थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी तंतुवाद्य वाजवणाऱ्या नऊ जणांच्या मेंदूची तपासणी केली. डाव्या हाताच्या बोटांकडून येणाऱ्या स्पर्शासाठी त्यांच्या मेंदूत वाद्य न वाजवणाऱ्यांपेक्षा मोठी जागा राखलेली दिसली, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांच्यात हा फरक अधिक होता. म्हणजे लहानपणी दोन-चार वर्षं जरी शिकला असाल, तरी ती वर्षं वाया गेली आहेत असं समजू नका.

आणि ज्यांनी उशिरा सुरुवात केली त्यांचं काय? शिनिची सुझुकी (जन्म १८९८) हे जगभर लहान मुलांना व्हायोलिन शिकवण्याच्या पद्धतीसाठी ओळखले जातात. नागोया शहरात त्यांच्या वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना होता. तरी सुझुकींनी स्वतः हे वाद्य मनावर घेतलं ते वयाच्या सतराव्या वर्षी, मिशा एल्मन यांची ध्वनिमुद्रिका ऐकून. तोपर्यंत घरातलं व्हायोलिन त्यांना कारखान्यातला माल वाटत होतं. कानाला एक गोष्ट पटली आणि हाताने तिचा पाठलाग सुरू केला. पुढच्या वयाबद्दलही आशेला जागा आहे. जेनिफर ब्यूगोस यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६० ते ८५ वयाच्या माणसांना सहा महिने पियानो शिकवला गेला. वाद्य तर ती शिकलीच, शिवाय लक्ष आणि आखणी यांच्या चाचण्यांतही सुधारली.

पेटी उघडताना

जुनी पेटी उघडली की तारा थेट सुरात आणायची घाई करू नये. आधी ‘एफ’ आकाराच्या छिद्रातून आत पाहावं. वरच्या आणि खालच्या फळीच्या मधे एक बारीक उभी दांडी असते. तिला वादक साउंडपोस्ट म्हणतात. ती पडलेली असेल तर तारा ताणू नयेत, कारण घोडीचा सगळा दाब आधाराविना वरच्या फळीवर येतो आणि फळी तडकू शकते. ही दांडी बसवणं जाणकाराचं काम आहे. घोडी सरळ उभी आहे का, फळ्यांचे सांधे उकललेत का, हेही पाहावं. जुन्या तारा एकेक करून बदलाव्यात. सगळ्या एकदम काढल्या की घोडी आणि दांडी दोन्ही सुटतात. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेटीत बारीक कीड गजाचे केस कुरतडते. केस तुटके दिसले तर पेटी आतून नीट पुसून उन्हात ठेवावी आणि गजाला नवे केस लावून घ्यावेत.

इथलं हवामान व्हायोलिनची परीक्षा पाहतं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो, हवा कोरडी ठक्क पडते, खुंट्या आक्रसून घसरू लागतात. जुलैत तेच लाकूड ओल पिऊन फुगतं आणि खुंट्या जागच्या हलत नाहीत. घसरणाऱ्या खुंटीला थोडा खडू आणि अडकणाऱ्या खुंटीला किंचित कोरडा साबण हा वादकांचा जुना उपाय अजूनही चालतो. उन्हाळ्यात वाद्य कूलरच्या झोतात ठेवू नये: कोरड्या खोलीतून ओल्या वाऱ्यात जाण्याचा धक्का सांध्यांना सोसत नाही. टिनाच्या छपराखालची खोली आणि मोटारसायकलची डिकी या दोन्ही जागा टाळाव्यात. वाजवून झालं की गज सैल करावा आणि तारांवरची राळ मऊ फडक्याने पुसावी.

आपल्याकडे कोणीतरी हमखास विचारतं, आलापल्लीच्या सागवानाचं व्हायोलिन का नाही होत? सागवान जड आणि तेलकट असतं, म्हणूनच ते वाळवीला आणि पावसाला दाद देत नाही. व्हायोलिनची वरची फळी याच्या उलट लागते, वजनाला हलकी आणि तंतूंच्या दिशेने ताठ अशी. म्हणून ती थंड प्रदेशातल्या स्प्रूसची करतात, मागची मेपलची आणि बोटांखालची पट्टी काळ्या एबनीची. दारासाठी उत्तम तेच सुरासाठी उत्तम असं नाही.

मिलिमीटरांचा हिशोब

व्हायोलिनला पडदे नसतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचा अर्थ किती बारीक असतो हे आकड्यांतून कळतं. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर तारेची वाजणारी लांबी सुमारे ३२८ मिलिमीटर असते. मोकळी तार षड्ज धरली, तर शुद्ध रिषभ तिच्यापासून ३६ मिलिमीटरवर येतो, शुद्ध गंधार साधारण ६६वर, पंचम १०९वर आणि तार षड्ज बरोबर मध्यावर, १६४वर. वरच्या सप्तकात हीच अंतरं निम्मी होतात: तार षड्जापासून रिषभ फक्त १८ मिलिमीटरवर.

आता चुकीचं माप पाहू. सप्तकाचे १२०० बारीक भाग पाडले की त्या एकेकाला सेंट म्हणतात. मोकळ्या तारेजवळ बोट एक मिलिमीटर सरकलं तर सूर साधारण ५ सेंटनी बदलतो, तार षड्जाजवळ दुप्पट, म्हणजे १० सेंटनी. ज्याला आपण प्रमाणश्रुती म्हणतो ते अंतर सुमारे २२ सेंटचं. म्हणजे खाली चार आणि वर दोन मिलिमीटर सरकलं की एक श्रुती गेली. ‘बोट ठेवायची जागा पाठ करा’ हा सल्ला म्हणूनच अपुरा पडतो. जागा पाठ होते ती इतकी बारीक नसते. बोट जवळपास पोचतं आणि कान त्याला शेवटच्या मिलिमीटरवर नेतो.

इथे एक धोका सांगायला हवा, कारण आपल्या गावांत सुरासाठी सगळ्यांत हाताशी असलेलं वाद्य म्हणजे पेटी. बाजारातल्या हार्मोनियमचे स्वर सारख्या बारा भागांत वाटलेले असतात. तिचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर आहे. तंबोऱ्याच्या सुरात मिसळणारा गंधार ३८६वर. व्हायोलिनवर हा फरक दोन मिलिमीटरचा आहे. पेटीवर स्वर जुळवण्याची सवय लागली की गंधार कायम चढा बसतो. म्हणून रियाज तंबोऱ्यावर करावा, मग तो मोबाइलवरचा का असेना.

व्हायोलिन स्वतःही एक खूण देतं. तारा षड्ज-पंचमात मिळवलेल्या असल्या, तर दाबलेल्या तारेवरचा षड्ज किंवा पंचम अचूक लागताच शेजारची मोकळी तार न छेडता थरथरू लागते. आवाज एकदम भरतो. ही भर ऐकू येईपर्यंत बोट हळूहळू सरकवत राहणं हा परतलेल्या वादकाचा पहिला आणि सर्वांत फलदायी पाठ आहे. एक सूर दाबायच्या आधी तो गुणगुणावा, मग वाजवावा, मग दोन्ही जुळले का ते ऐकावं. गळा चांगला असायची गरज नाही. मनात सूर आधी उभा राहायला हवा, एवढंच.

उजव्या हाताची विद्या

डाव्या हाताची चूक कानाला लगेच कळते म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं. प्रत्यक्षात परतलेल्या वादकाचा आवाज बिघडलेला असतो तो उजव्या हातामुळे. गजावरचे घोड्याचे केस राळेमुळे तारेला चिकटतात, तिला ओढत नेतात, मग तार सुटून मागे जाते आणि पुन्हा चिकटते. दर सेकंदाला शेकडो वेळा हे होतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात तारेची ही हालचाल दाखवून दिली.

त्यानंतर या प्रश्नाचा सखोल अभ्यास केला तो सी. व्ही. रामन यांनी. प्रकाशावरच्या कामासाठी नोबेल मिळवणाऱ्या रामन यांचे सुरुवातीचे कितीतरी निबंध वाद्यांवर आहेत. अर्थखात्याच्या नोकरीत ते १९१०च्या सुमारास काही काळ नागपुरातही होते. गजाने वाजणाऱ्या तारांवरचा त्यांचा प्रबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी व्हायोलिन वाजवणारं एक यंत्रच बनवलं, म्हणजे गजाचा वेग, दाब आणि जागा एकेक करून बदलून पाहता येईल. त्यातून निघालेली गोष्ट प्रत्येक वादकाच्या कामाची आहे: गज वेगाने ओढला तर दाब वाढवावा लागतो, आणि घोडीच्या जवळ गेलं तर तो फारच वाढवावा लागतो. दाब कमी पडला तर आवाज शिट्टीसारखा फाटतो, जास्त झाला तर खरखरतो.

बराच काळ वाद्य सुटलेल्या माणसाचा खांदा आखडतो आणि तो भीतीने गज दाबून धरतो. उपाय साधा आहे. रोजची पहिली दहा मिनिटं डाव्या हाताची बोटं लावूच नयेत. मोकळ्या तारेवर गज टोकापासून टोकापर्यंत, एका दिशेला आठ ते दहा सेकंद लागतील इतका सावकाश ओढावा. घोडी आणि पट्टी यांच्या मधोमध एकच रेष धरावी. सुरुवात, मध्य आणि शेवट सारखा ऐकू आला पाहिजे. गज जेमतेम ६० ग्रॅमचा असतो. त्याचं वजन तारेवर नीट उतरलं की बोटांनी दाबायचं काम फार थोडं उरतं. हे दिसायला कंटाळवाणं आहे, पण आवाजातला गोडवा इथूनच परत येतो.

किती वेळ आणि कसा

‘दहा हजार तास’ हा आकडा गेल्या काही वर्षांत फार पसरला. त्याचं मूळ व्हायोलिनवादकांच्याच अभ्यासात आहे. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. सर्वोत्तम विद्यार्थ्यांचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला रियाज सरासरी दहा हजार तासांच्या पुढे गेला होता. पण त्यातून ‘दहा हजार तास भरले की झालं’ असा नियम निघत नाही, हे एरिक्सन स्वतःच वारंवार सांगत. २०१९ साली ब्रुक मॅकनमारा आणि मेघा मैत्रा यांनी तसाच अभ्यास पुन्हा केला, तेव्हा ‘उत्तम’ आणि ‘सर्वोत्तम’ गटांत तासांचा असा फरक दिसला नाही. तास लागतात, ते कसे घालवले हेही तितकंच लागतं. बर्लिनच्या त्या अभ्यासातली कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की सर्वोत्तम विद्यार्थी रियाज तुकड्यांत करत, मधे विश्रांती घेत आणि दुपारी झोपतही.

शेत, दुकान किंवा शाळा सांभाळणाऱ्याने यातून घ्यायचं ते हे. सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं ही रविवारच्या सलग तीन तासांपेक्षा कितीतरी अधिक कामाची. चाळिशीनंतर तर हातांसाठीही तेच हितकारक: बोटांचे सांधे आणि मान आधी गरम होऊ द्यावी, आणि दुखू लागलं तर थांबावं. दुखणं दडपून वाजवलेल्या एका दिवसाने पुढचे पंधरा दिवस जातात.

प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न सोडवायला घ्यावा. ‘आज भूप वाजवला’ म्हणजे काहीच सांगितलं नाही; ‘आज भूपात गंधारावरून पंचमाला जाताना मधे सूर घसरत होता, तो स्वच्छ केला’ हे सांगणं झालं. अवघड जागा इतकी सावकाश वाजवावी की चूक होणारच नाही, आणि मग लय थोडी-थोडी वाढवावी. एक पलटा शंभर वेळा घोकण्यापेक्षा तीन वेगळे पलटे आलटून-पालटून घ्यावेत. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ साली हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं की मिसळून केलेला सराव त्या वेळी कमकुवत वाटतो, पण नंतरच्या चाचणीत तोच अधिक टिकतो. रात्रीचा रियाजही वाया जात नाही. बोटांच्या ठरावीक क्रमाचा सराव करून झोपलेल्यांचा वेग सकाळी, मधे काहीही न वाजवता, सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला २००२ साली मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांना आढळला. दिवसभराच्या कामानंतर रात्री पंधरा मिनिटं मन लावून वाजवलेलं झोप पुढे नेते.

आठवड्यातून एकदा मोबाइलवर स्वतःचं वाजवणं ध्वनिमुद्रित करावं आणि लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐकावं. वाजवताना कानाचं अर्धं लक्ष हाताकडे असतं. ऐकताना तो पूर्ण मोकळा असतो. त्यातली एकच उणीव निवडून पुढच्या आठवड्याचं काम ठरवावं.

पुन्हा शिष्य होणं

तालुक्याच्या गावी व्हायोलिनचा गुरू मिळणं कठीण. पण गाणं शिकवणारं कोणी ना कोणी असतं, आणि आपल्या पद्धतीच्या व्हायोलिनला तेच हवं. या वाद्याची थोर मंडळी गायकांच्या पायाशीच बसली आहेत.

गजाननराव जोशी (१९११-१९८७) यांचं उदाहरण या प्रकरणाच्या केंद्रस्थानी ठेवावंसं वाटतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य असलेल्या वडिलांकडून, अंतुबुवा जोशींकडून, त्यांना ग्वाल्हेरची गायकी मिळाली. ती घेऊन आयुष्यभर गाता आलं असतं. पण ते रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिकले, जयपूर गायकीसाठी भूर्जीखाँकडे गेले आणि आग्रा गायकीसाठी विलायत हुसेन खाँकडे. गाणं आणि व्हायोलिन या दोन्हींत त्यांनी स्वतःला घडवलं. नाव झालेल्या कलावंताने दुसऱ्या घराण्याच्या गुरूसमोर पुन्हा पहिला सूर लावायचा, हे सोपं नसतं. तयार झालेली सवय मोडावी लागते, काही काळ आधीपेक्षा वाईट वाटणारं काम सोसावं लागतं. त्यांनी ते पुन्हा-पुन्हा केलं, आणि मिळवलेलं सगळं शिष्यांना दिलं. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचे उल्हास कशाळकर त्यांच्याकडेच तीन घराण्यांची गायकी शिकले.

एन. राजम (जन्म १९३८) यांनी याहून मोठं वळण घेतलं. वडिलांकडून कर्नाटक पद्धतीचं कसलेलं शिक्षण घेऊन त्या लहान वयातच मैफलींत वाजवत होत्या. नंतर पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे हिंदुस्थानी संगीत शिकताना त्यांना गजाची ओढ, मींडेचा वेग, रागाची मांडणी सगळं नव्याने बसवावं लागलं. गळ्यातली प्रत्येक हरकत व्हायोलिनमधून निघावी हा त्यांनी धरलेला ध्यास पुढे ‘गायकी अंग’ म्हणून ओळखला गेला. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं.

या दोघांची उंची आपल्याला गाठायची नाही. त्यांची रीत मात्र उचलता येते: जे येतं त्यावर थांबायचं नाही, आणि शिकायला बसताना आपलं वय आणि नाव बाहेर ठेवायचं. गावातल्या गायन-शिक्षकाकडून एक बंदिश घ्यावी, ती आधी तोंडाने म्हणावी, मग जशीच्या तशी गजावर आणावी. शब्द जिथे सुटतो तिथे गज सुटला पाहिजे, श्वास जिथे घेतला जातो तिथे तो वळला पाहिजे. काहींना परीक्षेची शिस्त मानवते. त्यांच्यासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आहेत. शाळकरी मुलांच्या शेजारी बसून प्रारंभिक देण्यात कमीपणा काहीच नाही.

साथीला बसणं

एकट्याने वाजवून वर्ष गेलं की रियाजाला बाहेर न्यायला हवं. शहरात त्यासाठी मंच शोधावे लागतात. इथे ते आहेतच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ज्या चिमूरच्या परिसरात साधना केली तो चंद्रपूर जिल्ह्यातच आहे, आणि गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी, पेटी, तबल्याची भजनं चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव चालतात. सामुदायिक प्रार्थना, काकडा, सप्ताह, मंडई, नाटकाची तालीम यांतल्या प्रत्येक ठिकाणी एक गाणारा गळा असतो, आणि त्याच्यामागे हळूच बसायला व्हायोलिनला जागा असते.

साथ करणं सोपं काम नव्हे, पण परतलेल्या वादकाला ते सर्वांत अनुकूल आहे. एकट्याच्या मैफलीला लागणारी चपळाई त्याच्याकडे नसते. साथीला लागतो तो कान, आणि तो त्याच्याकडे आधीपासून आहे. गाणारा कुठे जाणार हे क्षणभर आधी ओळखायचं, त्याचा सूर उचलायचा, तो थांबला की पोकळी भरायची, तो गाऊ लागला की मागे सरायचं. यात वेगाची गरज नाही. समज लागते, आणि समज देण्याचं काम वाद्यापासून दूर गेलेल्या वर्षांनीही केलेलं असतं. भजनी मंडळात दर आठवड्याला बसणाऱ्या वादकाचा हात जसा सुधारतो तसा तो बंद खोलीत सुधारत नाही, कारण तिथे चूक झाली तरी गाणं थांबत नाही. पुढच्या ओळीवर पुन्हा सूर धरावाच लागतो.

म्हणून घरात व्हायोलिनची पेटी असेल तर ती येत्या हंगामाची वाट न पाहता उघडावी. पहिल्या महिन्यात फक्त मोकळ्या तारा आणि षड्ज-पंचम. तिसऱ्या महिन्यापर्यंत एक राग, सावकाश. वर्षाच्या शेवटी एका भजनाची साथ. एवढं जमलं तर तुम्ही पूर्वीचे वादक उरणार नाही. मधल्या वर्षांत कानाने जे गोळा केलं ते हातात उतरलेलं, पूर्वीपेक्षा वेगळं आणि अनेक बाबतींत अधिक जाणतं वादन तुमच्याकडे असेल.